राप्तुस: नेलं कुणाला, नेलं कुणी?

रोमच्या बोर्गेसे संग्रहालयातलं हे शिल्प. पाताळाचा देव प्लूटो प्रोसर्पिनाला उचलून नेतोय. त्याची बोटं तिच्या मांडीत अशी रुतलीत, की हा संगमरवर आहे हे विसरायला होतं. १६२१-२२ मध्ये बेर्निनीनं ते घडवलं, ऐन विशीत. इटालियन लोक याला 'रात्तो' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द, 'राप्तुस'.

'रापिओ' म्हणजे मी झडप घालून नेतो. त्या क्रियापदाचं हे नाम. पुल्लिंगी, लॅटिन नामांच्या पाच गणांपैकी चौथ्यातलं. प्रथमा राप्तुस, षष्ठी राप्तूस. उकार दीर्घ झाला, विभक्ती बदलली! देवनागरीत हा फरक चटकन दिसतो. छापील लॅटिनमध्ये बहुतेकदा तो संदर्भावरूनच ओळखायचा. त्यात 'पळवून नेलेला' या अर्थाचं विशेषणही प्रथमेत हुबेहूब 'राप्तुस'च.

पण खरी गंमत षष्ठीची. 'राप्तुस विर्गिनुम', मुलींचं हरण. इथं षष्ठी लागते ती जिला नेलं तिला. नेणारा कोण? सांगायची सक्तीच नाही. आपल्या 'सीताहरणा'तही रावण समासाबाहेरच राहतो.

रोमन इतिहासकार लिव्ही मात्र शेजारच्या सबाइन जमातीतल्या मुलींच्या हरणाची कथा सांगताना क्रियापद वापरतो. रोमचा संस्थापक रोम्युलस यानं शेजाऱ्यांना खेळ पाहायला बोलावलं. ठरलेली खूण झाली आणि मुली पळवायला धावली 'युवेन्तुस रोमाना', रोमची तरुण पोरं. (हो, फुटबॉलवाल्यांचा युव्हेंटस तो हाच शब्द.) इथं कर्ता नावानिशी हजर आहे.

कायद्यानं पुन्हा नामच उचललं. थेओदोसियन संहिता या रोमन कायद्यांच्या संग्रहातलं हे शीर्षक: 'दे राप्तू विर्गिनुम वेल विदुआरुम', कुमारिका किंवा विधवांच्या हरणाविषयी. 'दे' आलं, म्हणून पंचमीतलं 'राप्तू'.

त्याखाली चौथ्या शतकातला सम्राट कॉन्स्टंटाइनचा कायदा आहे. मुलगी राजी होती, ही सबब पुरुषाला चालणार नाही. उलट, राजी असेल तर तिलाही त्याच्याइतकीच शिक्षा. तिला फूस लावणाऱ्या दाईच्या घशात वितळलेलं शिसं. आणि जिला खरोखर जबरदस्तीनं नेलं, तिचं काय? तिनं ओरडून शेजाऱ्यांना का बोलावलं नाही, असं विचारून कायदा तिलाही आईवडिलांच्या वारशातून वगळतो.