गुंठ्यांचा हिशेब : आमदार जिवा पांडू गावित

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर ‘एका आदिवासी आमदाराची कारकीर्द’ असा विषय छापलाय. जिवा पांडू गावित म्हटलं की बहुतेकांना एकच चित्र आठवतं : मार्च 2018, लाल टोप्यांची रांग आणि सोललेले तळपाय. ते खरंच आहे. शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये 6 मार्चला नाशिकहून निघालेली माणसं कसारा घाट उतरून 180 किलोमीटर चालली. दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटच्या रात्री झोप सोडून सोमय्या मैदानावरून उठली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात पोहोचली. मुंबईकरांनी पाणी दिलं, चपला दिल्या. त्याबद्दल मुंबईला मानायलाच हवं.

पण माझी एक जुनी तक्रार आहे. सगळ्यांची नजर पायांवर खिळली आणि हातातला कागद वाचायचा राहिला. कर्जमाफी आणि हमीभाव या मागण्या होत्याच. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, दिंडोरीच्या डोंगरातून आलेल्या माणसाचं दुखणं मात्र मोजणीचं होतं. चार एकर वनजमीन कसतो, मंजूर झाले दहा गुंठे, हे ते दुखणं. एका एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे एकशे साठातले दहा. गावितांचं राजकारण कळायचं तर हे असं होतं कसं ते आधी बघायला हवं. जरा सावकाश सांगतो.

इथे किती जणांनी स्वतःचा सातबारा पूर्ण वाचलाय? हात वर करा बघू. (हशा.) चार. ठीक आहे, या चौघांना पुढचं पटकन समजेल, बाकीच्यांनी त्यांच्या शेजारी सरकावं.

वनहक्क कायदा 2006 चा, अंमल 31 डिसेंबर 2007 पासून. आदिवासी कुटुंब 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसत असेल, तर प्रत्यक्ष ताब्यातली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, म्हणजे साधारण दहा एकर, त्याच्या हक्काची. वारसाने पुढे जाते, विकता येत नाही, आणि पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. दावा ग्रामसभेत दाखल होतो. वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, फाईल प्रांतांच्या उपविभागीय समितीकडे जाते आणि शेवटचा निर्णय कलेक्टरांच्या जिल्हा समितीचा.

पुरावे एकाहून जास्त लागतात. रेशनकार्ड चालतं, मतदार ओळखपत्र चालतं, शेतातला बांध चालतो, जुनी विहीर चालते, गावातल्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब चालतो. सगळ्यात भक्कम पुरावा कोणता, माहीत आहे? वनखात्याची दंडाची पावती. अतिक्रमण केलं म्हणून आजाला दंड झाला, आजीने ती पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोचून ठेवली. तिच्यावर तारीख असते, सरकारी शिक्का असतो. शिक्षेचा तो कागद नातवाच्या ताब्याची साक्ष होतो.

आता हे बिघडतं कुठे? या डोंगरात वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी, आणि त्यानंतर जमिनीला विसावा. मोजणीला आलेला माणूस यंत्र हातात धरून फक्त नांगरलेल्या तुकड्याभोवती फिरला की विसाव्याचा तुकडा गेला, राबाची, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपं करायची जागा गेली, बांधावरचं गवत गेलं. त्यात हातातल्या जीपीएसची चूक काही मीटरची. वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घ्या, बाजू साधारण पंचेचाळीस मीटर. प्रत्येक कडेला रेघ तीन-तीन मीटर आत सरकली तर उरतात पंधरा गुंठे. पाच गुंठे नुसत्या चालण्यात गेले! कोकणात तेवढ्यासाठी सख्खे भाऊ तीन पिढ्या कोर्टात जातात. (हशा.) हसा, पण इथे तेवढ्यावर घराची वर्षाची भाकरी आहे.

आणि फेटाळलेला दावा? कारण लेखी कळवायचं आणि अपिलाला साठ दिवस द्यायचे, असा नियम आहे. पत्रच हातात पडलं नाही तर माणूस साठ दिवस मोजणार कुठून? उपग्रहाचं चित्र पुराव्याला जोड म्हणून वापरता येतं, बाकीच्या पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही, हेही 2012 च्या दुरुस्तीत स्वच्छ लिहिलंय. चित्रात झाडाखालची नागली दिसत नाही, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. कारकीर्द आता भरभर सांगतो.

गावित मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. सुरगाण्यातून 1978 ला पहिल्यांदा निवडून आले. 1995 ला हरले, 1999 ला परत आले. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली आणि सुरगाणा कळवणला जोडला गेला. 2009 ला कळवणच्या ए. टी. पवारांनी त्यांना हरवलं. 2014 ला गावित सातव्यांदा आमदार झाले, 288 जणांच्या सभागृहात पक्षाचे एकटेच. त्याच विधानसभेचे ते हंगामी अध्यक्ष होते, सगळ्या नव्या आमदारांना शपथ त्यांच्यासमोर झाली.

ज्यासाठी आज आलो तो मुद्दा हा. सभागृहात बोलायला वेळ मिळतो पक्षाच्या संख्येवर, म्हणजे एकट्याला थोडाच. आणि आत्ता सांगितलेली साखळी आठवा : ग्रामसभा, प्रांत, कलेक्टर. उपविभागीय आणि जिल्हा समितीत पंचायत समितीचे, जिल्हा परिषदेचे सदस्य आहेत, आमदाराला त्यात खुर्ची नाही. राखीव मतदारसंघाचा आमदार, आणि मतदाराच्या जमिनीचा निर्णय होतो तिथे तो बाहेर! मग त्याने फाईल हलवायची कशी? गावितांनी दावेदारांनाच चालवत मुंबईपर्यंत आणलं. 12 मार्च 2018 ला विधानभवनात बैठक झाली आणि प्रलंबित दाव्यांसाठी सहा महिन्यांची मुदत लेखी मिळाली. ती पाळली गेली नाही म्हणून फेब्रुवारी 2019 मध्ये माणसं पुन्हा निघाली. 2020 च्या मे महिन्यात राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय पातळीवर अपिलाची सोय झाली. जिल्हा समितीने नाकारलेल्याला त्याआधी थेट कोर्टाची पायरी चढावी लागायची.

2019 ला ते ए. टी. पवारांचे चिरंजीव नितीन पवार यांच्याकडून हरले, 2024 लाही. मधे मार्च 2023 मध्ये, आमदारकी नसताना, दिंडोरीहून निघून वाशिंदपर्यंत चालत आले. त्या वेळी वनहक्कांसाठी सरकारने जी समिती जाहीर केली, तिच्यात माजी आमदार गावितांचं नाव होतं.

अध्यक्ष उभे राहिले. नार-पार नद्यांचं पाणी सुरगाण्यावरून गुजरातकडे कसं उतरतं ते राहूनच गेलं. नकाशा आणलाय, चहाच्या टेबलावर पसरतो, तिकडे या.