वेशीवरचा खेत्रपाल

नमस्कार श्रोतेहो.

वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या अखेरीला, पुण्याच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत खेत्रपाल मैदानावर दीक्षान्त संचलन झालं. हे ऐकलं की माझ्या सासूबाई हात जोडायच्या. त्यांच्या कोकणातल्या गावाला वेशीवर क्षेत्रपाळ आहे. नारळ घेतो, गाव राखतो. लष्करानंही तसाच देव बसवला असेल, अशी त्यांची समजूत. मी कधी दुरुस्त केली नाही. तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं?

खेत्रपाल हे आडनाव. अरुण खेत्रपाल. जन्म पुण्यातलाच, 14 ऑक्टोबर 1950. वडील लष्करात इंजिनिअर, त्यामुळे बिऱ्हाड पाठीवर. पण मुलगा प्रबोधिनीत शिकायला पुन्हा इकडेच आला. जून 1971 मध्ये ‘पूना हॉर्स’, म्हणजेच सतरा हॉर्स, या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. नगरला पुढचं प्रशिक्षण चालू असतानाच युद्धाची चिन्हं दिसू लागली आणि कोर्स अर्धा टाकून त्याला रेजिमेंटमध्ये जावं लागलं. निघताना सामानात काय, तर गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा पोशाख! लाहोरला गोल्फ खेळणार, आणि जिंकल्यावर जेवण तर होणारच, असं त्याचं म्हणणं. आईनं ते सामान कोणत्या मनानं निघू दिलं असेल, देव जाणे.

16 डिसेंबर. तिकडे ढाक्यात शरणागती, आणि इकडे पश्चिमेला, शकरगड भागात, बसंतर नदीपलीकडे लढाई पेटलेली. सुरुंग पुरते काढून होण्याआधीच पूना हॉर्सचे रणगाडे रात्री पलीकडे गेले होते. सकाळी जरपालजवळ धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानी रणगाडे चालून आले. कुमक मागवली गेली, तेव्हा अरुण आपला ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा घेऊन धावला. एका साथीदाराच्या रणगाड्यावर गोळा बसला, दुसऱ्याची तोफ अडकली. परमवीर चक्राच्या मानपत्रात त्या चकमकीतले शत्रूचे चार रणगाडे एकट्या अरुणच्या नावावर आहेत.

मग त्याचाही रणगाडा पेटला. बाहेर पड, असा वायरलेसवर हुकूम आला. माझी तोफ अजून चालतेय, मी रणगाडा सोडणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यानं दिलं आणि सेट बंद केला, असं सांगतात. माइकसमोर बसून हे सांगताना मला जरा थांबावं लागतं.

दुसऱ्या दिवशी युद्ध थांबलं. ती बातमी घरी आधी पोचली, तार नंतर.

पुढे 2001 मध्ये त्याचे वडील, ऐंशी पार केलेले, पाकिस्तानात गेले होते. ज्यांच्याकडे पाहुणे म्हणून उतरले, त्या ब्रिगेडिअर ख्वाजा मोहम्मद नासर यांनीच त्यांना सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. त्या घरात ती रात्र दोघांनी कशी काढली असेल, याचा मी विचार करते आणि सोडून देते.

मागच्या हिवाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी, स्वारगेटहून घरी येत होते. बसमध्ये एका पोरानं उठून मला जागा दिली. कोट, टाय, बुटात तोंड दिसेल अशी पॉलिश, हातात बिस्किटांचा पुडा, सुतळीनं बांधलेला. दाढी गुळगुळीत, पण काढण्याजोगं काही असेलसं वाटलं नाही. प्रबोधिनीतला. साताऱ्याकडचा निघाला.

म्हटलं, “खेत्रपाल कोण रे?”

वरचा दांडा धरून उभा होता, तो एकदम ताठ झाला. “सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, परमवीर चक्र, मरणोत्तर. अडतिसावा कोर्स, फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रन. सतरा हॉर्स. बसंतर, सोळा डिसेंबर एकाहत्तर.” पाढे म्हणावेत तसं, एका दमात.

“वय?”

“एकवीस.”

“आणि तुझं?”

तो पहिल्यांदा हसला. “मार्चमध्ये एकोणीस पूर्ण होतील, काकू.”

माझा स्टॉप आला होता. बिस्किटांचा पुडा सांभाळत त्यानं मला दारापर्यंत वाट करून दिली.