गॅसची तारीख आणि आपली तारीख

(नागपुरातल्या एका महिला मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ वक्त्यांनी श्रावणात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बसा, बसा. पुढची रांग रिकामीच ठेवली न? डॉक्टरीणबाई उठवून प्रश्न विचारतील, अशी भीती असते. नाही विचारत, फक्त हात वर करायला सांगते. शेवटचं सिलिंडर कधी लावलं, हे घरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं आहे त्यांनी हात वर करा. वा, निम्मा हॉल! आता शेवटची पाळी कधी आली, हे त्याच कॅलेंडरवर ज्यांनी लिहिलंय त्यांनी. दोन. आणि तो मागचा अर्धा हात आहे की पदर सावरताय?

झालं माझं व्याख्यान. बाकी सगळी फोडणी.

या गॅसची एक गोष्ट आहे. मंडळातल्या काहींनी ती ऐकली असेल, पण मी पुन्हा सांगणार. एक जोडपं आलं, बाईंचं वय पस्तिशीचं. तक्रार काय, तर ‘अनियमित आहे, महिन्यातून दोनदा येते.’ मागची तारीख विचारली. बाई छताकडे पाहू लागल्या. आमच्याकडे सगळ्याच पाहतात, पंख्यावर लिहून ठेवल्यासारख्या. मग म्हणाल्या, ‘नणदेकडच्या बारशाच्या आधी.’ बारसं कधी? ते नवऱ्यालाही आठवेना. मग बाई एकदम म्हणाल्या, ‘गॅस संपला होता न जी, त्याच्या दुसऱ्या दिवशी!’ नवऱ्याने लगेच घरी फोन लावला. आईला कॅलेंडर पाहायला सांगितलं. तिकडून सासूबाई ओरडून विचारतात, आम्हाला सगळ्यांना ऐकू येतंय, ‘अरे, डॉक्टरकडे गेले न तुम्ही? मग गॅसचं काऊन विचारून राहिला?’

तर गॅस संपला होता 1 तारखेला. म्हणजे पाळी 2 तारखेला. त्यानंतरची आली 28ला. मोजा बरं. 26 दिवस! एका महिन्यात दोनदा, हे अगदी खरं. पण अनियमित? अजिबात नाही. प्रौढ बाईत 21 ते 35 दिवसांचं चक्र आम्ही सर्वसाधारण धरतो, आणि मोजायचं ते रक्त सुरू झाल्याच्या दिवसापासून पुढच्या वेळी सुरू होण्याच्या दिवसापर्यंत. पाळी थांबल्यापासून नाही. ही चूक शिकलेल्या बायकाही करतात. जिचं चक्र 26 दिवसांचं, तिची तारीख दर महिन्याला मागे सरकणारच. त्यात शरीराचा काय दोष? महिने 30-31 दिवसांचे कोणी केले?

आमची आजी तिथीने सांगायची, ‘अष्टमीला बसले होते’. चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे तिचा हिशेब आपल्यापेक्षा जवळ जायचा. आणि ती बाहेर बसायची म्हणून अख्ख्या वाड्याला तारीख ठाऊक. ती प्रथा गेली ते उत्तम झालं, पण जाताना हिशेबही घेऊन गेली.

आता माझं रडगाणं. पंधरा-वीस दिवसांत महालक्ष्म्या येतील. सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि त्याच यादीत औषधाच्या दुकानातून आणायची पाळी पुढे ढकलायची गोळी! कोणाला विचारून? जावेला. जावेने कोणाला विचारलं? तिच्या जावेला. ही गोळी अपेक्षित तारखेच्या निदान तीन दिवस आधी सुरू करावी लागते. तारीखच माहीत नाही, तर तीन दिवस कशाच्या आधी? मग पाळी आलेली असताना सुरू करतात, मध्येच विसरतात, आणि पितृपक्षात माझ्याकडे रांग लागते: ‘मॅडम, सगळं बिघडलं.’ गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो, तो तिचा धर्मच आहे. पण पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर जावेचं ऐकायचं नाही. देवीला काय चालतं ते मी सांगणार नाही, सासूबाई इथेच बसल्या आहेत.

काय म्हणता, पाचच मिनिटं? भजनी मंडळ आलंसुद्धा? अहो, ‘डॉक्टरकडे कधी जावं’ हे तर पत्रिकेत छापलंय! बरं, भराभर घेते, लिहा.

मुलीला पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर दाखवा. सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होतं, 45 दिवसांपर्यंत घाबरू नका. पण कोणत्याही वयात सलग तीन महिने आली नाही, तर या. त्याआधी घरी गर्भधारणेची चाचणी करा. कॉपर टी आहे, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, तरीही करा. दूध पाजणाऱ्या आईची पाळी लांबते, पण म्हणून दिवस राहत नाहीत असं नाही. चक्र सारखं 21च्या आत किंवा 35च्या पुढे जात असेल, तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, आणि पीसीओएस म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, हे बघावं लागतं. पीसीओएसमध्ये हनुवटीवर केस, मुरुमं, वाढतं वजन दिसू शकतं, पण सडपातळ मुलींनाही तो होतो. वजन एकदम उतरलं किंवा परीक्षेचा ताण आला, तरी पाळी हलते.

तारीख चोख, पण रक्त आठ दिवसांपेक्षा जास्त किंवा मोठाल्या गाठी, हीसुद्धा तक्रारच आहे. ‘माझं नेहमीच असं जातं’ म्हणणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन 7 निघालेलं मी पाहिलंय, 12 हवं. तासाला एक पॅड भिजतंय आणि दोन तास तसंच चाललंय, चक्कर येतेय, तर सकाळची वाट पाहू नका. मेडिकल, मेयो, डागा, जे सरकारी हॉस्पिटल जवळ असेल ते गाठा. दिवस असताना रक्त किंवा पोटात जोरात कळ, तरी तसंच.

चाळिशीनंतर ‘जायची वेळ झाली’ म्हणून सगळं सोडून देतात. अंतर वाढणं समजू शकते, पण रक्त वाढणं नाही. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, असू शकतं, गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं असू शकतं. आणि पाळी जाऊन वर्ष झालं, मग एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवा. दरवेळी कर्करोग नसतो, पण सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय तो नाही हे मी सांगू शकत नाही.

हो, हो, उठते. पेटी ठेवा इथे टेबलावर. एकच, येताना मागच्या सहा महिन्यांची कॅलेंडरची पानं आणा. फाडू नका, पाठीमागे रेसिपी असतात, मोबाइलवर फोटो चालेल. दुधाचे खाडे असू द्या तसेच, मी वेगळे ओळखते.