एका गोळ्यावर दोन काठ्या

मंडळी, डाउनरिगरवर एकच काठी लावून गरवणारे आज इथे बरेच जण आहेत. डाउनरिगर म्हणजे होडीवरून कप्पीतून तारेनं जड गोळा खाली सोडायचं साधन. काठीची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवतात, म्हणजे आमिष खोल जातं, आणि मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. त्याच गोळ्यावर दुसरी काठी लावायची, ती दुप्पट मासे मिळावेत म्हणून नव्हे. मासा नेमका किती खोलीवर आहे, ते लवकर कळावं म्हणून. माझं सगळं म्हणणं याच्याभोवती आहे.

उन्हाळ्यात खोल सरोवराचं पाणी थर धरतं. वर ऊबदार, तळाशी गार आणि जड, आणि मध्ये तापमान झपाट्यानं उतरणारा एक पट्टा. सॅमन आणि ट्राउट बहुतेक वेळा या पट्ट्याच्या आसपास फिरतात. १९६६ मध्ये मिशिगन राज्यात कोहो सॅमनची पिल्लं सोडली गेली आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेच्या महासरोवरांवर डाउनरिगरचा प्रसार झाला, तो आमिष त्या खोलीवर न्यायला. पण पट्टा रोज एका जागी नसतो. एक काठी एकच खोली तपासते.

आता पद्धत. पहिलं आमिष होडीमागे वीसेक मीटर सोडा, दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात धरा, गोळा पाच मीटर उतरवा आणि थांबा. मग दुसऱ्या काठीचं आमिष दहा-बारा मीटर सोडा. तारेवर दुसरा चिमटा बसवा आणि त्यात ही दोरी अडकवा. आता दोन्ही रिळं सैल करून गोळा हव्या त्या खोलीला न्या. वरचं आमिष मी नेहमी होडीच्या जवळ ठेवतो, म्हणजे ते खालच्या आमिषावर लोंबत नाही. दोन चिमट्यांत तीन मीटरपेक्षा कमी अंतर मला पटत नाही. इतक्या जवळच्या दोन खोल्या तपासून नवीन काय कळणार? शेवटी दोऱ्या ताणून काठ्या धनुष्यासारख्या वाकवा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दुसऱ्या दोरीमुळे पाण्याची ओढ वाढते, तार मागे कलते. तार उभ्या रेषेपासून ३० अंश कलली, तर ३० मीटर तार सोडूनही गोळा जेमतेम २६ मीटरवर असतो. काउंटरवरचा आकडा तारेची लांबी सांगतो, खोली नाही. म्हणून दुसरी काठी लावली की तारेकडे पुन्हा बघा. फार कलत असेल तर वेग कमी करा किंवा जड गोळा घ्या.

वळण मात्र मोठंच घ्या. एकदा मी माशांच्या थव्यावर परतायच्या घाईत होडी झटकन फिरवली. आतल्या बाजूची आमिषं मंदावून खाली बसली आणि दोन्ही दोऱ्या तारेभोवती अशा पिळल्या, की शेवटी कापाव्या लागल्या. त्या दिवशीची ऐन पहाट गुंता सोडवण्यात गेली. अजून वाईट वाटतं.

मासा लागला की वाकलेली काठी आधी ताडकन सरळ होते आणि मग खाली ओढली जाते. पण लहान मासा चिमट्यातून दोरी सोडवू शकत नाही. तेव्हा टोक नुसतं थरथरतं, एखाद्या लाटेसारखं नाही, तर भराभर, बारीक. ही थरथर ओळखायला शिका. नाहीतर तासभर आपण अडकलेलं पिल्लू ओढत राहतो, आणि ते मरतं.

तीनदा लागोपाठ एकाच काठीला मासा लागला, तर मी मासा न लागलेली काठी काढून घेतो आणि खोली कळली म्हणून त्याच पातळीवर राहतो. गोळा वर घेताना वरचा चिमटा आधी येतो. तो पाण्याबाहेर दिसताच थांबा आणि तारेवरून सोडवा. तो कप्पीत शिरला तर तार अडकते आणि गोळा खालीच लटकत राहतो. म्हणून तार चढत असताना होडीतल्या एकाची नजर फक्त तारेवर असू द्या.