पूर्ण वाढलेल्या कोंबडीचे वय कसे ओळखावे?

श्रोतेहो, पिल्लाचे वय सांगणे फारसे अवघड नसते, कारण त्याचे अंग आठवड्याआठवड्याला बदलत असते. पण अंड्यावर आलेल्या कोंबडीचे वय विचारले, तर मुरलेला पाळणाराही क्षणभर थांबतो. गुरांचे वय दातांवरून काढता येते. कोंबडीला दात नाहीत, आणि वाढ पुरी झाल्यावर वर्षांचा हिशेब नेमाने दाखवणारी कोणतीही खूण तिच्या अंगावर उमटत नाही, त्यामुळे येथे नेमका आकडा मिळत नाही, अंदाजच बांधावा लागतो.

खरी फसगत होते ती वयाच्या म्हणून मानलेल्या खुणांमुळे, कारण त्यांतल्या बऱ्याचशा केवळ अंडी देण्याची स्थिती सांगतात. पिवळ्या कातडीच्या जातींमध्ये कोंबडी अंडी देऊ लागली की खाद्यातून येणारा पिवळा रंग बलकाकडे वळतो आणि तिची कातडी ठरावीक क्रमाने फिकट होत जाते: आधी गुदद्वाराभोवतालची, मग डोळ्यांच्या कडांची, नंतर चोच आणि सर्वांत शेवटी, कित्येक महिन्यांनी, पाय. पांढुरक्या पायांची कोंबडी बराच काळ अंडी देत आहे, म्हणजे ती तलंग (नुकतीच अंड्यावर येणारी तरुण कोंबडी) नाही, एवढे यावरून खात्रीने म्हणता येते. पण ती एक वर्षाची आहे की तीन, हे त्यावरून कळत नाही. उलट अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परततो, म्हणून पिसे झडण्याच्या काळात विसावलेली वयस्क कोंबडीही तलंगेसारख्या पिवळ्या पायांची दिसू शकते. तुऱ्याची लाली आणि ओटीपोटाच्या हाडांमधले अंतर यांनाही हेच लागू आहे.

वयाशी अधिक जवळचे नाते आहे ते छातीच्या हाडाचे. तरुण पक्ष्यात त्याचे मागचे टोक कूर्चेचे असते आणि बोटाने दाबल्यास लवते. पुढे ते कडक होते. मात्र ही खूण वर्षभरातला आणि त्यापुढचा पक्षी एवढाच भेद दाखवते. प्रौढपणी पिसे पहिल्यांदा पूर्ण झडतात ती साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास, बहुधा दिवस लहान होऊ लागल्यावर. पण कृत्रिम उजेडात ठेवलेल्या कोंबड्यांत हे वेळापत्रक बिघडते.

कोंबड्याच्या बाबतीत पायाच्या मागे येणारा काटा बराच उपयोगी पडतो. पहिल्या वर्षात तो आखूड आणि बोथट असतो, पुढे लांबतो, टोकदार होतो आणि वळतो. तरीही जातीनुसार त्याची वाढ वेगळी असते, तो झिजतो किंवा मोडतो, आणि काही माद्यांनाही येतो. म्हणून तुलना एकाच जातीच्या, एकत्र वाढलेल्या पक्ष्यांमध्येच करावी.

पायावरचे खवले जाड आणि खरबरीत झाले की पक्षी म्हातारा झाला, असे सर्रास म्हटले जाते, आणि याविषयी मला आग्रहाने बोलायचे आहे. खवले उचकटलेले आणि त्यांखाली पांढरट पापुद्रे साचलेले दिसले, तर तो बहुधा खवल्यांखाली घर करणाऱ्या सूक्ष्म माइट किडींचा त्रास असतो. तो तरुण कोंबडीलाही होतो, दुखतो, वाढला तर तिला लंगडी करतो आणि उपचाराने बरा होतो. अशा कोंबडीला म्हातारी ठरवून तसेच सोडणे हा तिच्यावर सरळ अन्याय आहे. वयाचा अंदाज बांधण्याआधी तिच्या पायांची तपासणी आणि उपचार झाले पाहिजेत.