घोडा दिसतो, पण भेटत नाही

(टेबलावर कोपरे दुमडलेलं जुनं रेसचं पुस्तक. ते उचलून कॅमेऱ्यासमोर धरत.)

हे पुस्तक माझ्या काकांचं. इथंच सोलापुरात गिरणीला होते ते. पावसाळा लागला की एखाद्या रविवारी पहाटेची गाडी धरून पुण्याला जायचे आणि रात्री उशिरा परत यायचे. काकू विचारायची, "कुठं निघालाय?" उत्तर ठरलेलं, "काम हाय."

काम म्हणजे हे. पेन्सिलीच्या खुणा बघा. घोड्याचं नाव, पाठीवरचं वजन, जॉकी, ट्रेनर, मागच्या धावांचे निकाल. पान भरून आकडे. आता मी अख्खं पुस्तक चाळतो... बघा... घोड्याचा फोटो एक तरी दिसला का?

नमस्कार मंडळी. घोड्यांच्या रेसवर आज बोलायचंय, पण टिप मागायला आला असाल तर व्हिडिओ इथंच बंद करा. मला वेगळाच प्रश्न पडलाय. एवढा देखणा प्राणी, एवढा जुना खेळ, आणि आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. तरी आपल्याकडं रेसच्या घोड्याला चाहते का नाहीत?

सोलापुरात रेसकोर्स नाही. राज्यात मोठी दोनच, मुंबईचं महालक्ष्मी आणि पुण्याच्या कॅम्पातलं. दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची. हिवाळ्यात घोडे मुंबईला, पावसाळ्यात पुण्याला. सगळ्यात मोठी रेस म्हणजे इंडियन डर्बी, साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला होते. १९४३ पासून चालू आहे. २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे, अडीच मिनिटांच्या आसपास खेळ खल्लास.

आता आपली भाषा काय म्हणते बघा. क्रिकेट आपण बघतो. कुस्ती बघतो. बैलगाडा शर्यत बघायला जातो. आणि रेस? रेस 'खेळतो'. "तो रेस खेळतो" असं हळू आवाजात सांगतात, लग्नाची चौकशी करताना तर हमखास. खेळतो कोण, तर खिडकीवर पैसे लावणारा. घोडा नाही, जॉकी नाही.

याला कारण आहे. रेस पैजेवर उभी आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा जुगार नाही. कायद्यानं मान दिला. पण पैजेवरचा कर बघा. आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. कॅसिनो आणि लॉटरी ज्या रांगेत, त्याच रांगेत रेस. अशा खेळाचं पोस्टर पोराच्या खोलीत कोण लावू देणार?

आता माझा स्वतःचा किस्सा. एका रेसकोर्सवर गेलो होतो, नाव घेत नाही. डोक्यात योजना अशी की सोलापूरच्या प्रेक्षकांना पॅडॉक दाखवायचा. पॅडॉक म्हणजे रेसच्या आधी घोडे जिथं गोल फिरवतात ती जागा. चार्जर, माईक, ट्रायपॉड, सगळा संसार पाठीवर. गेटवर माणूस म्हणाला, "मोबाईल जमा करा." मी म्हटलं, "अहो, मी व्हिडिओ करायला आलोय." तो म्हणाला, "म्हणूनच जमा करा."

त्याचंही बरोबर होतं म्हणा. आतला माणूस फोनवरून बाहेरच्या बेकायदा बुकीला खबर देतो, ही भीती या धंद्यात जुनी आहे. पण विचार करा, जगातला प्रत्येक खेळ प्रेक्षकाला म्हणतो, फोटो काढ, टाक, मित्राला दाखव. इथं सगळ्यात आधी फोन काढून घेतात.

पण त्या दिवशी फोन नव्हता म्हणूनच एक गोष्ट घडली. हात रिकामे, काय करणार? पॅडॉकच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. एक कुमैत घोडा, म्हणजे तांबूस-काळसर रंगाचा, सारखी मान झटकत होता. अंग पुसलेल्या पितळी तांब्यासारखं चकचकीत. मानेवर शीर फुगलेली, कातडीखाली नाडी उडताना दिसत होती. त्याचा सईस, आपल्या जुन्या भाषेत मोतद्दार, साठीचा माणूस. त्यानं स्वतःच्या गळ्यातला पंचा काढला, घोड्याच्या नाकपुड्या पुसल्या आणि तोच पंचा परत गळ्यात टाकला. मी विचारलं, "मामा, नाव काय याचं?" त्यानं आधी पुस्तकातलं इंग्रजी नाव सांगितलं, अडखळत. मग म्हणाला, "आमी बाळू म्हंतो."

बाळू! लाखो रुपयांचा घोडा, जातिवंत थरोब्रेड, आणि घरचं नाव बाळू. तो धावायला लागला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी एकही पैसा न लावता ओरडलो. बाळू चौथा आला. मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण ओळख झाली होती.

चाहता असाच तयार होतो. आणि रेसच्या पेजवर मला काय दिसतं? निकाल, कप हातात घेतलेले मालक, सूट, टोप्या, केक. घोडा कोपऱ्यात, अर्धा कापलेला. बाळू कुठंच नाही.

आता जपानला चला. तिथं हारू उरारा नावाची घोडी होती. १९९८ मध्ये कोची नावाच्या छोट्या रेसकोर्सवर पळायला लागली. आयुष्यात ११३ रेस पळाली आणि जिंकली किती? शून्य. एकही नाही. कोचीचं रेसकोर्स तोट्यात होतं. २००३ च्या सुमाराला बातम्या यायला लागल्या की ही बाई हरते, पण परत पळते. देश वेडा झाला. लोक तिच्यावर पैजेचं तिकीट घ्यायचे आणि गाडीत जपून ठेवायचे, अपघात होऊ नये म्हणून! कारण जपानीत तिकीट 'लागत नाही' आणि धडक 'लागत नाही' याला शब्द एकच. आपल्याकडं गाडीला लिंबू-मिरची बांधतात, तसलंच.

२२ मार्च २००४ ला जपानचा सगळ्यात नामवंत जॉकी युताका ताके तिच्यावर बसला. तिची १०६ वी रेस. कोचीत तेरा हजार लोक जमले. निकाल? अकरांत दहावी. लोक खूश.

गोष्ट इथं संपत नाही. पुढं जपानमध्ये एक मोबाईल गेम आला, उमा मुसुमे. त्यात खऱ्या घोड्यांची नावं घेतलेल्या मुली धावतात. ऐकायला विचित्र आहे, मान्य. हारू उराराही त्यात आहे. २०२५ मध्ये गेम इंग्रजीत आला आणि जगभरातल्या पोरांनी शोध लावला की ही घोडी अजून जिवंत आहे, म्हातारी झालीय, एका फार्मवर असते. गवत दान करायची सोय होती, तिथं झुंबड उडाली. ज्यांनी आयुष्यात घोडा जवळून बघितला नसेल, ते पार दुसऱ्या खंडातून तिच्यासाठी गवत पाठवायला लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये ती गेली, २९ वर्षांची होऊन. पैज लावणाऱ्याला २००४ नंतर तिची आठवण यायचं कारणच नव्हतं. चाहत्याला होतं.

अमेरिकेनं दुसरा रस्ता धरला. तिथं मायरेसहॉर्स नावाची कंपनी घोड्याचे बारीक बारीक हिस्से विकते. ऑथेंटिक नावाच्या घोड्याचा एक हिस्सा २०६ डॉलरला होता. २०२० ची केंटकी डर्बी, तिथली सगळ्यात नामवंत रेस, कोविडमुळं रिकाम्या स्टँडसमोर झाली, ती ऑथेंटिकनं जिंकली. मैदानात चिटपाखरू नाही आणि घरोघरी मोबाईलसमोर ५,३१४ छोटे मालक नाचतायत. पैशाच्या दृष्टीनं यात फार काही मिळतं असं समजू नका. त्यांनी विकत घेतला तो 'आपला घोडा' म्हणायचा हक्क. आपल्याकडं मालक व्हायचं तर क्लबकडं रीतसर नोंदणी लागते, खर्च वेगळाच.

हाँगकाँगवाले याहून कोरडे, पण मला ते आवडतात. प्रत्येक घोड्याचा दवाखान्याचा इतिहास वेबसाइटवर. कधी लंगडला, कधी नाकातून रक्त आलं, सकाळी सराव किती केला, सरावाच्या रेसचा व्हिडिओ. कुणीही बघा. खबर सगळ्यांनाच मिळाली की चोरून विकणाऱ्याचा भाव उतरतो. आपल्याकडं टेलिग्रामवर "फिक्स घोडा, आधी पाच हजार पाठवा" म्हणणारे बसलेत ना, ते अंधारावर जगतात. घोडा खरंच फिक्स असता तर तो माणूस तुमच्या पाच हजारांची वाट बघत बसला असता का?

(पाणी पीत.) आता दुसरी बाजू.

कॅमेरा उघडला की सगळंच दिसतं. अमेरिकेत सांता अनिता रेसकोर्सवर २०१८ च्या डिसेंबरअखेरपासून जून २०१९ पर्यंत ३० घोडे मेले. पूर्वी अशी बातमी आतल्या पानात गेली असती. या वेळी ती फोनाफोनात पोचली, लोक गेटवर फलक घेऊन उभे राहिले आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत घोड्यांच्या सुरक्षेचा देशव्यापी कायदा झाला. २०२१ मध्ये आयर्लंडच्या एका बड्या ट्रेनरचा मेलेल्या घोड्यावर बसलेला फोटो फिरला. वर्षाची बंदी, त्यातले सहा महिने प्रत्यक्ष घरी बसावं लागलं. फोटो जुना होता, पण लोकांचा राग ताजा होता.

आणि जॉकी. रेस हरला की पैसे बुडालेले लोक त्याच्या इन्स्टाग्रामवर आईबहिणीवरून लिहितात. जगभर हेच चालतं. चाहता आणि पैज हरलेला माणूस, दोघांनाही दार एकच, हा सोशल मीडियाचा घोळ आहे.

मग आपल्याकडं हे जमेल का? मी म्हणतो, शेजारच्या शिवारात जमलंय. बैलगाडा शर्यतीवर २०१४ पासून बंदी होती. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. मधल्या काळात गावोगावी स्मार्टफोन पोचले होते. आता मैदान लागलं की ड्रोन वर, यूट्यूबवर लाइव्ह, समालोचक घसा फोडून ओरडतोय. बकासुर नावाचा बैल माहीत नाही असं पोरगं आमच्या गल्लीत शोधून सापडणार नाही. बैलाचे वाढदिवस होतात, फ्लेक्स लागतात. मालक गोठ्यातून व्हिडिओ टाकतो, आज काय खाल्लं, पाय कसा आहे. गोठ्यातून! म्हणजे बाळूची गोष्ट ते रोज सांगतात. तिथंही पैसा फिरतो, जनावराचे हाल होतात का हा प्रश्नही आहेच. पण चाहता आधी बैलाच्या नावानं येतो.

आणि घोड्यावरच्या मायेचं म्हणाल तर सोलापूर जिल्ह्याला ती कुणी शिकवायला नको. पंढरपूरच्या अलीकडं बाजीराव विहिरीचं रिंगण बघितलंय का? लाखभर डोळे एका अश्वावर. पाठीवर स्वार नसतो, कारण माउली बसलेली असते. तो अंकलीहून आळंदीला येतो आणि तिथून वारीबरोबर इथवर. तो गोल धावून गेला की लोक आत घुसतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. मागच्या वेळी माझ्या पुढं एक आजी होती. नातवानं फोन वर धरून शूटिंग चालवलं होतं, तर तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, "आरं, काय बघायलाय त्यात? माती घे!"

माझं म्हणणं आजीनं एका वाक्यात सांगून टाकलं. लाइव्ह दाखवा, रील टाका, सगळं करा. पण वर्षातून काही सकाळी तरी सरावाच्या वेळी फाटक उघडा, शाळेची पोरं आत सोडा, सईसाला कॅमेऱ्यासमोर उभं करा. धावून थकलेला घोडा पुढं कुठं जातो तेही सांगा. केंटकीत ओल्ड फ्रेंड्स नावाचं फार्म आहे, निवृत्त घोड्यांचं. २००३ पासून. डर्बी जिंकलेले घोडे तिथं असतात आणि लोक तिकीट काढून त्यांना गाजर खायला घालायला जातात. तिथं पैज लावायची खिडकीच नाही.

आपल्याकडं मी चाहता झालो आणि लगेच अडकलो. बाळूचं इंग्रजी नाव मी दोन सीझन यादीत शोधलं. एक दिवस ते यायचं थांबलं. कुठल्या स्टडफार्मला गेला, रायडिंग स्कूलला गेला, की आणखी काही, कुठल्याच पेजवर एक ओळ नाही.

तेव्हा हा व्हिडिओ एखाद्या तबेल्यापर्यंत पोचला तर एवढंच. कुमैत रंग, कपाळावर खारकेएवढा पांढरा टिळा, मागचा उजवा पाय गुडघ्याखाली पांढरा, उभ्या उभ्या मान झटकायची सवय. सईस साठीचा, गळ्यात पंचा. मामा, तुम्ही बघत असाल तर बाळू कुठंय तेवढं कळवा. मी गाडी धरून येतो. फोन गेटवर जमा करीन.