अधीक्षकाची निवड कोणासमोर व्हावी? ह्यूस्टनचा अनुभव

मित्रहो, अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या सरकारी शाळांचा कारभार स्कूल डिस्ट्रिक्ट नावाच्या स्वायत्त संस्थेकडे असतो. तिचे मंडळ बहुतेक ठिकाणी मतदार निवडून देतात, आणि ते मंडळ अधीक्षक नेमते. मुंबई महापालिकेचा शिक्षणाधिकारी प्रशासकीय नेमणुकीने येतो, त्यामुळे त्या पदासाठी पालकांसमोर मुलाखत व्हावी असे आपल्या मनातही येत नाही. अमेरिकेत मात्र अधीक्षकाची निवड हा शहराच्या सार्वजनिक जीवनातला मोठा प्रसंग असतो, कारण हजारो शिक्षक, अब्जावधी डॉलरचे अंदाजपत्रक आणि कोणती शाळा चालू राहणार, कोणती बंद होणार याचे प्रस्ताव या एका व्यक्तीच्या हाती जातात. ही निवड लोकांसमोर व्हावी की बंद दाराआड, एवढ्या एकाच प्रश्नावर मी आज बोलणार आहे, आणि त्यासाठी टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराचे उदाहरण घेणार आहे. तेथे व तेथील उपनगरांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत.

गुप्ततेच्या बाजूने जे सांगितले जाते ते आधी नीट ऐकून घेतले पाहिजे. या पदासाठी जे उमेदवार खरोखर योग्य असतात, ते बहुधा दुसऱ्या एखाद्या शहरात त्याच पदावर काम करीत असतात. त्यांनी अन्यत्र अर्ज केल्याचे बाहेर फुटले, तर त्यांच्या मंडळाचा, शिक्षकांचा आणि पालकांचा त्यांच्यावरचा विश्वास डळमळतो, आणि निवड न झाल्यास त्यांना त्याच लोकांसमोर पुन्हा उभे राहावे लागते. ही अडचण काल्पनिक नाही. टेक्सासच्या कायद्याने यावर एक तोड काढली आहे. अर्जदारांची नावे गुप्त ठेवता येतात, परंतु अंतिम उमेदवाराचे नाव नेमणुकीच्या किमान २१ दिवस आधी जाहीर करावे लागते. कायद्याचा हेतू उघड आहे: या तीन आठवड्यांत लोकांनी माणूस पाहावा, प्रश्न विचारावेत, आक्षेप नोंदवावेत. प्रत्यक्षात मात्र मंडळे एकच नाव जाहीर करतात, ज्याला तिकडे ‘एकमेव अंतिम उमेदवार’ म्हणतात. एकच नाव समोर असेल तर तुलना कोणाशी करायची? अशा वेळी २१ दिवसांची मुदत पाळली जाते, पण निर्णय आधीच झालेला असतो.

ह्यूस्टनने २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे अधीक्षक रिचर्ड करांझा यांना याच पद्धतीने आणले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वे वादळाच्या पुराने शहर बुडाले, शाळा उशिरा उघडल्या, काही इमारती वापरण्याजोग्या राहिल्या नाहीत, आणि अंदाजपत्रकातही मोठी तूट दिसू लागली. दोन लाखांहून अधिक विद्यार्थी असलेली ही व्यवस्था अशी अडचणीत असतानाच मार्च २०१८ मध्ये करांझा न्यूयॉर्कला गेले.

त्यांना न्यूयॉर्कचे आमंत्रण ज्या रीतीने आले, ती रीतही पाहण्यासारखी आहे. तेथे २००२ पासून शाळा महापौरांच्या ताब्यात आहेत आणि शाळाप्रमुखाची निवड महापौर स्वतः करतात. महापौर बिल द ब्लासियो यांनी आतल्या आत मायामीचे अधीक्षक आल्बेर्तो कार्व्हाल्यो यांना निवडले आणि तसे जाहीरही करून टाकले. दुसऱ्या दिवशी, १ मार्च २०१८ रोजी, मायामीच्या मंडळाची तातडीची बैठक भरली. थेट प्रक्षेपित होणाऱ्या त्या बैठकीत विद्यार्थी आणि नागरिक एकामागून एक उठून त्यांना थांबण्याची विनंती करीत होते, आणि अखेर कार्व्हाल्यो यांनी तेथेच न्यूयॉर्कला नकार दिला. त्यानंतर चारच दिवसांत न्यूयॉर्कने करांझा यांचे नाव पुढे केले. अकरा लाख मुलांच्या शाळांचा प्रमुख आठवडाभरात असा बदलतो, आणि त्या मुलांच्या पालकांना दोन्ही नावे वृत्तपत्रांतूनच कळतात, हे मला मान्य होत नाही.

ह्यूस्टनमध्ये ग्रेनिटा लेथन यांच्याकडे प्रभारी अधीक्षकपद आले. शिक्षणक्रमाची जबाबदारी सांभाळणाऱ्या त्या अनुभवी अधिकारी होत्या. ११ ऑक्टोबर २०१८ च्या बैठकीत नऊ विश्वस्तांच्या मंडळाने अचानक ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांना दूर करून पूर्वीचे अधीक्षक आबेलार्दो साव्हेद्रा यांची प्रभारी म्हणून नेमणूक केली. या निर्णयाची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे विरोधात मत देणाऱ्यांनी सांगितले. लेथन कृष्णवर्णीय आहेत आणि साव्हेद्रा लॅटिनो, त्यामुळे शहरातील जुन्या वांशिक जखमाही उघड्या पडल्या. संताप एवढा वाढला की काही दिवसांतच साव्हेद्रा यांनी माघार घेतली, आणि लेथन यांना पुन्हा त्याच पदावर बसवावे लागले.

साव्हेद्रा स्वतः अनुभवी होते. २००४ ते २००९ या काळात त्यांनी हीच व्यवस्था चालवली होती. निवड उघडपणे झाली असती, तर कदाचित शहराने त्यांना स्वीकारलेही असते. पण राज्याच्या शिक्षण विभागाच्या चौकशीत, बहुमतातील विश्वस्त त्यांना जाहीर बैठकीबाहेर भेटले आणि त्यामुळे खुल्या बैठकांच्या कायद्याचा भंग झाला, असा निष्कर्ष निघाला. टेक्सासचा कायदा मंडळाला कर्मचाऱ्यांविषयीची चर्चा बंद बैठकीत करू देतो. मतदान मात्र लोकांसमोरच झाले पाहिजे. इथे मतदान लोकांसमोर झाले, पण ठरायचे ते आधीच ठरून गेले होते. मार्च २०१९ मध्ये देखरेखीसाठी राज्याने नेमलेल्या प्रतिनिधीने मंडळाचा नव्या अधीक्षकाचा शोधच थांबवला. ज्या मंडळाचे सर्वांत महत्त्वाचे काम अधीक्षक निवडणे, त्याच्याकडून तेच काम काढून घेतले गेले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्याने मंडळच ताब्यात घेण्याची घोषणा केली. व्हीटली हायस्कूलचे सततचे निकृष्ट निकाल हे त्यामागचे मोठे कारण होते, आणि विश्वस्तांचे वर्तन हे दुसरे. प्रकरण न्यायालयात गेले. दरम्यान २०२१ मध्ये मिलार्ड हाउस यांना अधीक्षक नेमण्यात आले, पण जानेवारी २०२३ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा मार्ग मोकळा केला आणि जून २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी निवडून आलेले मंडळ बाजूला सारून आपले व्यवस्थापक मंडळ बसवले. त्याच वेळी डॅलसचे माजी अधीक्षक माइक माइल्स यांना आयुक्तांनीच अधीक्षक नेमले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर आलेली प्रशासकीय राजवट ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ह्यूस्टनच्या पालकांची अवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मग दुसरा मार्ग कोणता? बॉस्टनने २०२२ मध्ये अंतिम उमेदवारांची नावे जाहीर केली आणि त्यांच्या मुलाखती पालक, शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर घेतल्या. त्याची किंमतही पडली. शोधसमितीने चौघांना पुढे पाठवले होते, पण नावे जाहीर होण्याआधीच दोघींनी माघार घेतली, आणि उरलेल्या दोन उमेदवारांत कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो कोणीही नव्हते, याबद्दल रास्त टीका झाली, कारण तेथील बहुसंख्य विद्यार्थी याच समाजांतले आहेत. अंतिम निवड करणाऱ्या स्कूल कमिटीचे, म्हणजे तेथील शालेय मंडळाचे, मत शेवटपर्यंत विभागलेले राहिले. मेरी स्किपर ४ विरुद्ध ३ मतांनी निवडल्या गेल्या. तरीही, मित्रहो, या दोन ५–४ आणि ४–३ मतदानांत मला फार मोठे अंतर दिसते. बॉस्टनमध्ये हरलेल्या बाजूने दोन्ही उमेदवारांना ऐकले होते, त्यांना प्रश्न विचारले होते. म्हणून माझे मत असे आहे की अर्जदारांची पूर्ण यादी गुप्त राहू द्यावी, परंतु किमान दोन अंतिम उमेदवार लोकांसमोर यावेत, आणि ज्याला तेवढेही धाडस होत नाही त्याने इतक्या मोठ्या सार्वजनिक पदाची अपेक्षा धरू नये. चांगले उमेदवार यामुळे गमावले जातील हे मी नाकारत नाही. ते नुकसान मला दुसऱ्या नुकसानापेक्षा कमी वाटते.

ते दुसरे नुकसान ह्यूस्टनमध्ये मोजता येते. माइल्स यांच्या कारकिर्दीत राज्याच्या परीक्षांतील गुण वाढले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच वेळी अनेक शाळांतील ग्रंथपालांची पदे गेली, शिक्षक मोठ्या संख्येने सोडून गेले, आणि पालकांना जाब विचारायला मतपेटी उरली नाही. ती संधी त्यांना ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मिळाली. शाळांच्या जीर्ण इमारती, वातानुकूलन आणि सुरक्षेसाठी ४.४ अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. या कामांची गरज विरोधकांनाही मान्य होती. तरीही ‘विश्वास नाही, तर रोखेही नाहीत’ ही घोषणा शहरभर फिरली आणि प्रस्तावाचे दोन्ही भाग मतदारांनी फेटाळले.